मोटरहोममधला जनरेटर : हात पोचायला जागा कशी करावी

मोटरहोम बांधून घेताना मालक आतली एकेक गोष्ट निरखून बघतो. पलंग किती लांब, ओटा केवढा, एसीचं तोंड कुठल्या बाजूला, पाण्याची टाकी किती लिटरची. जनरेटर कुठं आणि कसा बसवलाय हे मात्र बहुतेकांना पहिल्यांदा ऑइल बदलायच्या दिवशी कळतं. मिस्त्री गाडीखाली पाठीवर सरकतो, टॉर्च मारतो आणि खालूनच सांगतो, "मालक, फिल्टर दिसतोय, पन हात जाईना."

जिथं हात जात नाही तिथलं काम पुढं ढकललं जातं. ऑइल थोडं उशिरा बदललं जातं, एअर फिल्टर "अजून चालतोय" म्हणून राहतो, कूलंटचा पाइप घामेजलाय हे कुणाला दिसतच नाही. बिघाड झाला की दोष इंजिनावर येतो. खरं कारण बहुतेक वेळा पत्रा, स्क्रू आणि दोन इंच कमी पडलेली जागा हे असतं. ही जागा नंतरही करता येते आणि त्यासाठी लागणारं सगळं कसब कोल्हापुरात आहे.

अशा गाड्या आपल्याकडं आता दुर्मिळ राहिलेल्या नाहीत. चित्रनगरीत शूटिंगसाठी येणाऱ्या व्हॅनिटी व्हॅन, फिरते दवाखाने, रक्तसंकलनाच्या बस या सगळ्यांच्या पोटात एक छोटा डिझेल जनरेटर असतो. महाराष्ट्र शासनानं २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, तेव्हापासून हौसेनं मोटरहोम करून घेणारी घरंही दिसू लागली आहेत. गाडीचं नाव काहीही असो, जनरेटरची अडचण सगळीकडं सारखीच.

पेटीत कोंडलेलं इंजिन

जनरेटर म्हणजे एकाच बेसवर बसवलेलं इंजिन आणि अल्टरनेटर, म्हणजे इंजिनानं फिरवल्यावर वीज तयार करणारा भाग. आपल्याकडं वीज ५० हर्ट्झची असल्यामुळं चार पोलचा अल्टरनेटर मिनिटाला १५०० फेऱ्यांनी फिरवावा लागतो, दोन पोलचा ३००० फेऱ्यांनी. अमेरिकेत वीज ६० हर्ट्झची, म्हणून तिथल्या मोटरहोममधला जनरेटर १८०० किंवा ३६०० फेऱ्यांवर चालतो. मोटरहोमला साधारण ३ ते १० केव्हीएचा (केव्हीए म्हणजे वीज देण्याच्या क्षमतेचं माप) सेट लागतो. त्याचं वजन दीड-दोनशे किलोंपासून तीनशे किलोंच्या पुढंही जातं.

कोल्हापूरच्या माणसाला इंजिन नवं नाही. विहिरीवर आणि गुऱ्हाळावर धडधडणारी जुनी लिस्टर पद्धतीची इंजिनं मिनिटाला ६५० फेऱ्यांच्या आसपास चालायची. उद्यमनगरात त्यांचे सुटे भाग घडले, आज कागलला डिझेल इंजिनांचा मोठा कारखाना आहे. त्या जुन्या इंजिनाची सगळ्यात मोठी सोय म्हणजे ते उघड्या फाउंडेशनवर उभं असायचं. चारी बाजूंनी फिरता यायचं, वरून टॅपेट (व्हॉल्व्ह उघडणारा भाग), बाजूनं ऑइल, मागून पट्टा. शेतकरी स्वतःच्या हातानं व्हॉल्व्ह सेट करायचा. मोटरहोममधल्या इंजिनाला फार तर एक बाजू मोकळी मिळते, आणि तीही बॉडी बांधणाऱ्यानं आठवणीनं ठेवली तर.

बांधणाऱ्याचीही बाजू समजून घेतली पाहिजे. जनरेटर चॅसीवर आधी चढतो आणि भोवती बॉडी नंतर बांधली जाते. बसवताना तो मोकळा असतो, सगळीकडून हात जातो. मग फ्लोअर येतो, स्कर्टचा (गाडीच्या बाजूच्या खालच्या कडेचा) पत्रा येतो, पाण्याची टाकी येते, वायरिंगचा जुडगा येतो. प्रत्येक जण आपल्या कामापुरती जागा घेतो आणि शेवटी जनरेटरभोवती बोटभर फट उरते.

त्यात ही पेटी तापते. छोट्या सेटमध्ये डिझेलमधल्या ऊर्जेचा साधारण पाव ते तिसरा हिस्सा वीज होतो. बाकीची सगळी उष्णता सायलेन्सरमधून, रेडिएटरमधून आणि इंजिनाच्या अंगातून बाहेर पडते. म्हणजे ५ किलोवॉट वीज काढताना १० ते १५ किलोवॉट उष्णता त्या पेटीतून बाहेर काढायची असते. घरचे पाच-सहा गिझर एकाच वेळी चालू ठेवल्यासारखं. म्हणूनच सर्व्हिससाठी जागा करताना एखादं भोक पाडणं किंवा एखादी जाळी हलवणं वाटतं तेवढं साधं नसतं. त्याकडं पुढं येतो.

कटर हातात घेण्याआधी

पहिलं काम कागदावरचं आहे. जनरेटरचं मॅन्युअल उघडा आणि कुठलं काम किती वेळा करायचं ते लिहून काढा. रोज किंवा दर प्रवासाआधी ऑइलची पातळी, कूलंटची पातळी आणि गळतीवर एक नजर. छोट्या इंजिनांना साधारण १०० ते २५० तासांनी ऑइल, ऑइल फिल्टर आणि डिझेल फिल्टर. नेमका आकडा तुमच्या इंजिनाच्या पुस्तकातला धरा. नव्या इंजिनाचं पहिलं ऑइल त्याआधीच बदलायचं असतं. एअर फिल्टर धुळीप्रमाणं. टॅपेट, इंजेक्टर, पट्टा बऱ्याच तासांनी. स्टार्टर किंवा अल्टरनेटर खाली उतरवायची वेळ क्वचित.

आता तासांचा हिशेब आपल्या वापराशी जोडा. दिवसाला दहा तास चालणारी व्हॅनिटी व्हॅन २५० तास २५ दिवसांत पुरे करते. तिला दर महिन्याला ऑइल लागणार, तर वर्षातून तीन-चारदा कोकणात उतरणाऱ्या कुटुंबाच्या गाडीला ऑइल तासांपेक्षा कॅलेंडर बघून बदलावं लागेल. दोघांचा जनरेटर एकच असला तरी गरज वेगळी आहे. पहिल्यानं पैसे दार आणि ऑइलच्या सोयीवर घालावेत. दुसऱ्याला चांगलं दार आणि डिपस्टिकपर्यंत सहज जाणारा हात एवढं पुष्कळ झालं.

धुळीबद्दल आपल्या भागात वेगळं सांगायला हवं. गळिताच्या हंगामात उसाच्या ट्रॉल्यांमागून जाणारी गाडी, शिरोलीच्या फाउंड्रीपट्ट्यात उभी राहणारी गाडी, घाट उतरून तांबड्या मातीत शिरणारी गाडी, या तिघींचा एअर फिल्टर पुस्तकातल्या तासांआधीच भरतो. आमच्याकडच्या यादीत एअर फिल्टर म्हणून वरच्या ओळीत हवा.

यादी झाली की जनरेटरपाशी बसून प्रत्येक कामाला तीन प्रश्न विचारा. डोळ्याला दिसतं का? हात पोचतो का? पाना फिरतो का? तिसऱ्या प्रश्नावर सगळ्यात जास्त गाड्या अडकतात, कारण बोल्टपर्यंत पाना पोचला म्हणजे काम झालं असं वाटतं. बारा टोकांचा रिंग पाना पुढच्या खाचेत बसण्यासाठी ३० अंश फिरावा लागतो, सहा टोकांचा ६० अंश. २० सेंटिमीटर लांबीचा पाना ३० अंश फिरला की त्याचं टोक साडेदहा सेंटिमीटर सरकतं. एवढी मोकळी जागा चॅसी आणि इंजिनाच्या मध्ये क्वचितच असते. ७२ दात्यांचं रॅचेट ५ अंशांत पुढचा दात पकडतं, म्हणजे तेवढ्याच लांबीच्या टोकाला पावणेदोन सेंटिमीटर पुरतात. कधी कधी पत्रा कापण्याऐवजी चांगलं रॅचेट आणि वाकडा सॉकेट घेतला तरी अर्धं काम होतं. फिल्टरच्या बाबतीत अजून एक गोष्ट: तो नुसता सुटून चालत नाही, बाहेर निघावा लागतो, तोही आतल्या ऑइलसकट सरळ धरून. त्यासाठी फिल्टरच्या उंचीपेक्षा जास्त मोकळी जागा त्याच्या तोंडासमोर लागते.

या तपासणीत एक गोष्ट आवर्जून बघा. बरेचसे छोटे सेट एका बाजूनं सर्व्हिस करता येतील असेच बनवलेले असतात: डिपस्टिक, ऑइलचं झाकण, दोन्ही फिल्टर, ड्रेन, सगळं एकाच बाजूला. ती बाजू बाहेर तोंड करून आहे का? सायलेन्सरचा पाइप जवळ पडतो किंवा केबल कमी लागते म्हणून सेट उलटा बसवलेला असतो आणि सगळी सर्व्हिसची बाजू चॅसीकडं जाते. तसं असेल तर बाकी काही करू नका. सेट उतरवून फिरवून बसवा. एका दिवसाचं काम वाढेल, पण त्यानंतरच्या प्रत्येक सर्व्हिसला ते वसूल होईल.

दार

सर्वात स्वस्त आणि सर्वात दुर्लक्षित सुधारणा म्हणजे दार. बऱ्याच गाड्यांत जनरेटरसमोरचा पत्रा सेल्फ-टॅपिंग स्क्रूनं बसवलेला असतो. पातळ पत्र्यात हे स्क्रू दोन-चारदा उघडले की आटे मरतात. मग मिस्त्री अर्धेच लावतो, पत्रा खडखडतो, फटीतून धूळ शिरते. स्क्रूच्या जागी रिव्हेट-नट (पत्र्यात कायमचे बसणारे नट) बसवले आणि मशीन स्क्रू वापरले तरी फरक पडतो. त्याहून चांगलं म्हणजे पत्र्याला वरून बिजागरी, दोन गॅसच्या दांड्या आणि पाव फेरीत उघडणारी कुलपं. दार वर उघडलं की मिस्त्रीच्या डोक्यावर पावसात छप्पर होतं, ही आपल्याकडच्या जूनमध्ये लहान सोय नव्हे. मात्र गाडी भिंतीलगत किंवा झाडाखाली उभी असेल तर वर उघडणारं दार अडतं, म्हणून ते काढूनही ठेवता येईल अशी बिजागरी घ्या.

दाराचं माप ठरवताना कंजूषी करू नये. सर्व्हिसची बाजू जेवढी लांब-उंच आहे तेवढं पूर्ण दार हवं. पुठ्ठा कापून पत्र्यावर लावा, त्यातून हात, पाना, फिल्टर नेऊन बघा आणि मगच पत्रा कापा. कडा दुमडून घ्या आणि आतून चौकट द्या, नाहीतर कापलेल्या पत्र्याला ताण येऊन कोपऱ्यातून भेग जाते.

आता आवाज. डिझेल जनरेटरच्या आवाजाला पेटीपासून १ मीटरवर ७५ डेसिबलची मर्यादा आपल्याकडं घालून दिलेली आहे, आणि सायलेंट सेटची पेटी त्या हिशेबानं बांधलेली असते. दार कापताना ती पेटी फुटते. इथं एक नियम लक्षात ठेवण्यासारखा आहे: भिंतीच्या क्षेत्रफळाच्या १०० भागांपैकी १ भाग जरी उघडा राहिला, तरी बाकीची भिंत कितीही जाड केली तरी आवाज २० डेसिबलपेक्षा जास्त अडत नाही. म्हणजे दारावर जाड फोम चिकटवण्यापेक्षा दाराच्या चारी कडांना पोकळ रबर लावून ते घट्ट दाबलं जाईल असं कुलूप बसवणं महत्त्वाचं. फोम लावायचाच तर आग न धरणारा आणि वरून फॉइल असलेला लावा. उघडा फोम ऑइल पितो, आणि ऑइल प्यालेला फोम गरम सायलेन्सरशेजारी असणं धोक्याचं आहे.

आणि हवा. जनरेटरच्या पेटीत हवा ठरलेल्या वाटेनं फिरते: एका बाजूनं गार आत, अल्टरनेटर आणि इंजिनावरून, रेडिएटरमधून, मग बाहेर. नव्या दारात "थोडी हवा लागू दे" म्हणून जाळी कापली आणि ती गरम हवेच्या तोंडाजवळ आली, तर बाहेर पडलेली गरम हवाच पुन्हा आत ओढली जाते. सेट अर्धा तास बरा चालतो, मग तापून बंद पडतो. उलटही होतं: दार उघडं टाकून चालवलं तर हवा जवळच्या वाटेनं निघून जाते आणि अल्टरनेटरवरून जायची ती जातच नाही. म्हणून दुरुस्तीनंतरची चाचणी दार बंद करूनच घ्यायची.

ऑइलला बाहेर आणणं

दुसरा मार्ग म्हणजे हात आत नेण्याऐवजी कामाची जागा बाहेर आणणं. सगळ्यात फायद्याचं म्हणजे ड्रेन. ड्रेनच्या बोल्टच्या जागी अडॅप्टर, त्याला ऑइल आणि उष्णता सोसणारा होज, दुसऱ्या टोकाला बॉल व्हॉल्व्ह आणि व्हॉल्व्हच्या तोंडावर आट्याचं झाकण. होज पूर्ण वाटेत उताराला हवा. मध्ये झोळ पडला तर तिथं जुनं ऑइल साठून राहतं. व्हॉल्व्हचा दांडा दगड लागून उघडणार नाही अशा ठिकाणी, शक्यतो पत्र्याच्या आत ठेवा. झाकण विसरू नका, कारण व्हॉल्व्ह सरकलाच तर तेवढंच झाकण इंजिन वाचवतं. ड्रेनपर्यंत काहीच नेता येत नसेल तर डिपस्टिकच्या नळीतून गरम ऑइल ओढून घेणारा हातपंप मिळतो. तळाचा थोडा गाळ राहतो, पण ऑइल अजिबात न बदलण्यापेक्षा हे केव्हाही चांगलं.

डिझेलचा फिल्टर आणि पाणी वेगळं करणारा कप बाहेरच्या भिंतीजवळ, बसल्या जागी हाताला येईल असा आणणं मला तितकंच मोलाचं वाटतं. पावसाळ्यात टाकीत पाणी धरतं आणि तो कप वरचेवर रिकामा करावा लागतो. फिल्टर बदलला की लाइनमध्ये शिरलेली हवाही काढावी लागते. म्हणून हातानं दाबायचा प्रायमिंग पंप तिथंच शेजारी बसवा. फिल्टर टाकीपेक्षा फार उंच नेला तर फीड पंपाला डिझेल ओढणं जड जातं, तेवढं सांभाळा.

ऑइल फिल्टर लांब नेण्याचा जोड-संचही मिळतो. तो मी शेवटचा उपाय मानतो. ड्रेनच्या होजमध्ये ऑइल नुसतं उभं असतं. फिल्टरच्या दोन होजमधून ते दाबानं फिरतं, आणि त्यातला एक सुटला तर थोड्याच वेळात इंजिन कोरडं पडतं. दार मोठं करून फिल्टर आहे तिथंच सापडत असेल तर दारच मोठं करा.

अख्खा सेट बाहेर ओढणारा ट्रे

अमेरिकेतल्या मोठ्या, मागं इंजिन असलेल्या मोटरहोममध्ये जनरेटर बऱ्याचदा गाडीच्या नाकात असतो आणि ड्रॉवरसारखा पुढं ओढता येतो. ते बघून आपल्याकडंही लोक ट्रे करून मागतात. कल्पना उत्तम आहे. ट्रे बाहेर आला की विहिरीवरच्या इंजिनासारखं तीन बाजूंनी उभं राहून काम करता येतं, टॅपेटपासून अल्टरनेटरपर्यंत. पण हिशेब न करता केलेला ट्रे जिवावर बेततो, म्हणून इथं थोडं थांबू.

समजा सेट २५० किलोंचा आहे. पूर्ण बाहेर ओढल्यावर त्याचा गुरुत्वमध्य गाडीच्या कडेपासून ६० सेंटिमीटर बाहेर आला, आणि ट्रेचा शेवटचा रोलर कडेपासून ५० सेंटिमीटर आत आहे. तर आतला रोलर वर उचलायला बघणारा जोर २५० गुणिले ६० भागिले ५०, म्हणजे ३०० किलो. आणि कडेवरच्या रोलरवर येणारा भार २५० अधिक ३००, म्हणजे ५५० किलो. २५० किलोंच्या सेटसाठी ५५० किलोंचा आधार! आता ट्रेच्या बाहेरच्या टोकाला, कडेपासून १२० सेंटिमीटरवर, एक स्क्रूचा पाय जमिनीवर टेकवा. भार दोन्हीकडं निम्मा-निम्मा वाटला जातो: कडेवर १२५, पायावर १२५. आतल्या रोलरला वर उचलणारा जोर जवळजवळ संपतो. म्हणून पायाशिवाय ट्रे करू नये, आणि पाय टेकवल्याशिवाय ट्रेवर पाना मारू नये. पाय मात्र ट्रे पूर्ण बाहेर आल्यावरच टेकतो, त्यामुळं ओढतानाचा भार रोलर आणि चॅनलना एकट्यानंच पेलावा लागतो. मजबुती ५५० किलोंचीच धरायची.

उद्यमनगरात बेअरिंग आणि चॅनल घेऊन हा ट्रे कुणीही चांगला फॅब्रिकेटर करून देईल. ६२०४ नंबरचं बेअरिंग उभ्या उभ्या सहाशे किलोंच्या पुढचा भार सोसतं, म्हणून लोक निर्धास्त राहतात. बेअरिंग तुटतच नाही. वाकतो तो चॅनलचा ओठ. बाजारातल्या साध्या रोल केलेल्या चॅनलचा ओठ आतून उतरता असतो. त्यावर बेअरिंग सपाट बसत नाही, एका कडेवर चालतं आणि खड्डा पाडतं. एकतर समांतर ओठाचा चॅनल घ्या, नाहीतर बेअरिंगच्या वाटेवर सपाट पट्टी बसवून ती मिलिंगला काढून घ्या. दोन्ही बाजूंचे चॅनल एकमेकांना समांतर राहण्यासाठी जिगवर (दोन्ही जागेवर धरणाऱ्या चौकटीवर) टॅक, म्हणजे वेल्डिंगचे छोटे टाके, मारून मगच पूर्ण वेल्डिंग करा, कारण वेल्डिंगच्या ताणानं चॅनल वाकला की ट्रे मध्येच अडकतो.

रबरी माउंट कुठं बसवायचे हा प्रश्न नेहमी येतो. सेट आणि ट्रे यांच्या मध्ये. ट्रे मात्र गाडीला घट्ट हवा. १५०० फेऱ्यांवर इंजिनाचा मुख्य हादरा सेकंदाला २५ वेळा येतो, एक सिलिंडर असेल तर स्फोटाचा साडेबारा वेळा. ट्रेच्या कुलपात जरा जरी ढिलाई असली तर तो एवढ्या वेळा आपटतो आणि आवाज थेट पलंगापर्यंत जातो. म्हणून कुलूप नुसतं अडकणारं नको, आवळणारं हवं: पाचर किंवा टॉगल क्लॅम्प, दोन्ही बाजूंना. शिवाय एक सुरक्षेचा पिन. वळणावर ट्रे बाहेर आला तर शेजारच्या दुचाकीवाल्याचं काय होईल, याचा विचार करून तिथं लिमिट स्विच बसवा आणि ड्रायव्हरसमोर लाल दिवा व बझर जोडा.

राहिल्या तीन जोडण्या. विजेच्या केबलसाठी सीएनसी मशीनवर असते ती ड्रॅग चेन वापरा. शिरोली, गोकुळ शिरगावला ती सहज मिळते आणि केबल कधी चिमटत नाही. डिझेलचा होज लांब ठेवून दोन्ही टोकांना क्लॅम्प करा, मधला भाग सायलेन्सरपासून दूर. सायलेन्सर सगळ्यात अवघड. लवचिक बेलो (घड्यांचा पाइप) हादरे सोसतो, हातभर ताण सोसत नाही. एकतर पूर्ण सायलेन्सर ट्रेवरच बसवा आणि टेलपाइप ट्रेसोबत सरकू द्या, नाहीतर पट्ट्याचा क्लॅम्प देऊन ओढण्याआधी जोड सोडा. दुसऱ्या प्रकारात परत जोडताना गॅस्केट तपासायला विसरायचं नाही.

आणि ट्रे ओढण्याआधी गाडी सपाट जागेवर. नुसता ५ अंशांचा उतार असला तरी २५० किलोंचा सेट जवळजवळ २२ किलोंच्या जोरानं स्वतःहून बाहेर धावायला बघतो.

काही गाड्यांत फ्लोअरमध्ये, पलंगाखाली किंवा वाटेत, वरून उघडणारं झाकण करतात. टॅपेट आणि इंजेक्टरसाठी ते सोयीचं आहे, पण मला ते झोपायच्या खोलीत नको वाटतं. इंजिन आणि माणूस यांच्यातला एकमेव पडदा तिथं ते झाकण असतं. डिझेलच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड पेट्रोलपेक्षा कमी असतो, नसतो असं नाही, आणि त्याला ना रंग ना वास. झाकण करायचंच तर दुहेरी रबर, चारी बाजूंनी आवळणारी कुलपं आणि खालून उष्णता अडवणारा पत्रा. झाकण असो वा नसो, झोपण्याच्या उंचीवर कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म हवाच. युरोपीय प्रमाणाचा अलार्म हवेच्या दहा लाख भागांत ३०० भाग झाले की ३ मिनिटांच्या आत वाजतो; ५० भागांना तो तास-दीड तास घेतो. टेलपाइपचं तोंड गाडीच्या बाजूबाहेर, खिडकीपासून लांब.

काम करताना

या जनरेटरचं बटण आत, पलंगाशेजारी असतं. काहींना बॅटरी उतरली की स्वतःहून चालू व्हायची सोय असते. बाहेर मिस्त्रीचा हात पट्ट्यात असताना आत कुणी एसी लावायला बटण दाबलं तर बोटं जातील. म्हणून हात घालण्याआधी ऑटो स्टार्ट बंद, आणि जनरेटरच्या बॅटरीची निगेटिव्ह काढलेली. दाराच्या आत, हाताला पहिल्यांदा लागेल अशा जागी बॅटरीचा खटका बसवला तर हे रोज पाळलं जातं. दार करतानाच तो बसवून घ्या.

आपल्याकडच्या डिझेलचा फ्लॅश पॉइंट, म्हणजे ज्या तापमानाला त्याची वाफ ठिणगीनं पेटू शकते तो, प्रमाणाप्रमाणं किमान ३५ अंश आहे. पेटीतलं तापमान त्याच्या सहज वर असतं, आणि एक्झॉस्टचा पाइप ४०० अंशांपर्यंत जाऊ शकतो. डिझेल ठिणगीशिवायही या ४०० अंशांच्या बरंच खाली पेट घेतं. त्यामुळं हलवलेला प्रत्येक डिझेलचा होज एक्झॉस्टच्या वरून न नेता खालून किंवा दुसऱ्या बाजूनं न्या आणि मध्ये पत्र्याची आड द्या.

चॅसीचा गर्डर कापायचा नाही, त्याच्या ओठाला भोक पाडायचं नाही, वेल्डिंग करायचं नाही. ट्रेची चौकट चॅसीला क्लॅम्प किंवा कंपनीनं दिलेल्या भोकांतल्या बोल्टनी बसते. वेल्डिंग गाडीवर करावंच लागलं तर आधी बॅटरी आणि ईसीयूचे (गाडीच्या इंजिनाच्या कंट्रोल युनिटचे) जोड काढा. आरसी बुकातला तपशील बदलेल असा फेरफार मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ खाली येतो, त्यासाठी आधी आरटीओकडं जावं लागतं. स्कर्टच्या पत्र्यातलं दार आणि गाडीची रुंदी वाढवणारी पेटी यांत फार मोठा फरक आहे, हे फॅब्रिकेटरला सुरुवातीलाच सांगून ठेवा.

सगळं झालं की दार बंद करून, निदान पाऊण भार टाकून एक तास सेट चालवा. दर दहा मिनिटांनी तापमान मोजायच्या गननं रेडिएटरची आत येणारी हवा, अल्टरनेटरचं अंग आणि होजच्या जवळचा पत्रा बघा. आकडे चढतच राहिले तर हवेची वाट चुकली आहे. ते स्थिर झाले की गाडी बाहेर काढा, करूळ घाटातून वैभववाडीपर्यंत एक फेरी मारा आणि परत आल्यावर ट्रेचे, माउंटचे आणि दाराच्या बिजागरीचे सगळे बोल्ट पुन्हा एकदा आवळून घ्या.